स्टीम डेकचं कार्ड गायब होतंय, गेम उडतायत : काय तपासायचं, कुठे थांबायचं

स्टीम डेक म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा, हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर. स्टीम हे त्याच कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान, आणि कार्ड म्हणजे गेम साठवायला डेकमध्ये घालतो ते मायक्रोएसडी कार्ड. आधी लक्षणं. खालच्यापैकी एखादं तरी तुमचं असेल.

डेक रात्री स्लीपवर टाकला. सकाळी उठवला तर लायब्ररीतले निम्मे गेम करडे दिसतायत, आणि "प्ले"च्या जागी "इन्स्टॉल" आलंय. रीस्टार्ट केलं की सगळं जागेवर. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

डाउनलोड साठ-सत्तर टक्क्यांवर जातं आणि "डिस्क राइट एरर" येऊन थांबतं. पुन्हा चालू केलं की थोडं पुढे सरकतं, पुन्हा थांबतं.

नवीन गेम टाकला की आधीचा, नीट चालणारा गेम बिघडतो. फाइल्स तपासून घेतल्या की तो बरा होतो, मग तिसराच बिघडतो.

कार्डावर दोनशे जीबी मोकळे दिसतात, तरी डेक म्हणतो जागा नाही.

डाउनलोडचा वेग मधूनच शून्यावर येतो, परत चढतो, परत शून्य.

कार्ड खाचेत घातलं तरी डेकला त्याचा पत्ताच नाही.

ही सहाही लक्षणं मी ओळखीपाळखीच्या लोकांच्या डेकवर पुन्हापुन्हा पाहिली आहेत. लोक येतात तेव्हा ठरवूनच येतात की डेक बिघडला. बहुतेक वेळा डेक ठणठणीत असतो आणि दोष कार्डात निघतो, किंवा कार्ड वापरायच्या पद्धतीत. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : फुकटातल्या तपासण्या आधी, स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी. व्हॉल्व्हने डेक भारतात अधिकृतपणे विकायला आणलेला नाही. आपल्याकडचे बहुतेक डेक कुणीतरी परदेशातून आणलेले असतात, नाहीतर आयात करणाऱ्या दुकानातून घेतलेले. घाईने उघडून काही मोडलं तर वॉरंटीच्या नावाने दार ठोठवायला जवळपास कुणी नसतं. हा क्रम पाळायचं ते एक मोठं कारण आहे.

कशालाही हात लावण्याआधी

गेम परत उतरवता येतो, सेव्ह परत येत नाही. ऐंशी तास खेळलेला सेव्ह गेल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय, आणि ते पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

ज्या गेमला स्टीम क्लाउडची सोय आहे, त्याचा सेव्ह इंटरनेट चालू असेल तर आपोआप वर जातो. गेमच्या पानावर ढगाची खूण दिसते. पण सगळ्या गेमना ही सोय नसते. डेक लिनक्सवर चालतो, म्हणून विंडोजसाठी बनलेले गेम त्यावर प्रोटॉन नावाच्या सॉफ्टवेअरमधून चालतात आणि त्यांचे सेव्ह बहुधा "कम्पॅटडेटा" (compatdata) नावाच्या फोल्डरमध्ये पडतात. तो फोल्डर आतल्या ड्राइव्हवरही असतो आणि कार्डावरही असू शकतो. गृहीत धरू नका, दोन्हीकडे बघा. डेस्कटॉप मोडमध्ये, म्हणजे साध्या कॉम्प्युटरसारख्या पडद्यावर जा, डॉल्फिन हा फाइल्स पाहायचा प्रोग्राम उघडा, लपलेल्या फाइल्स दाखवायला सांगा आणि जे महत्त्वाचं आहे ते पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. जुन्या कन्सोलचे गेम इम्युलेटरवर खेळत असाल तर जास्तच काळजी घ्या. त्यांचे सेव्ह बऱ्याचदा गेमच्याच शेजारी, कार्डावर असतात आणि क्लाउडला त्यांची खबरही नसते.

दुसरं : डेकचं कार्ड विंडोजच्या लॅपटॉपमध्ये घातलं की "हे ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल" असा संदेश येतो. कार्ड खराब झालंय म्हणून तो येत नाही. डेक कार्डावर लिनक्सची ईएक्सटी-4 फाइल सिस्टीम (फाइल्स मांडायची पद्धत) घालतो आणि विंडोजला ती वाचता येत नाही, एवढंच. तिथे "हो" दाबून चांगलं भरलेलं कार्ड पुसणारे दोन जण माझ्या ओळखीत आहेत. "कॅन्सल" दाबा आणि कार्ड बाहेर काढा.

पूर्ण बंद करा, मग चालू करा

स्लीप म्हणजे बंद करणं नव्हे. पॉवर बटण एकदा दाबलं की डेक झोपतो, कार्ड वाचणारा भागही झोपतो, आणि जाग येताना कार्डाशी बोलणं पुन्हा सुरू करावं लागतं. काही कार्डं इथे उशीर करतात. तेवढ्यात डेक म्हणतो कार्ड नाही, आणि त्यावरचे गेम करडे पडतात.

स्टीम बटण, पॉवर, शट डाउन. दहा सेकंद थांबा आणि चालू करा. गेम परत आले तर कार्डावरचा मजकूर शाबूत आहे, एवढं नक्की कळलं. मग सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टीमचं अपडेट आहे का पाहा आणि असेल तर घ्या. स्लीपनंतर कार्ड हरवण्याचा त्रास काही वेळा निव्वळ अपडेटने गेलेला मी पाहिलाय. गेला नाही तर पुढे चला. आणि एक सवय आत्ताच सोडा : डाउनलोड चालू असताना किंवा गेम जागा बदलत असताना पॉवर बटण दाबून धरायचं नाही. अर्धवट लिहिलेली फाइल हेच पुढच्या निम्म्या तक्रारींचं मूळ असतं.

कार्ड काढा, पुसा, परत घाला

आधी डेक पूर्ण बंद. कार्डाची खाच खालच्या कडेला, उजव्या हाताला आहे. नखाने कार्ड किंचित आत दाबलं की ते टक करून बाहेर येतं. ओढायचं नाही.

कार्डाच्या मागचे सोनेरी पट्टे उजेडात धरा. बोटांचा तेलकटपणा आणि धूळ यांचा एक धुरकट थर दिसेल. पावसाळ्यात, आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या कार्डावर, मला तो जास्त दिसतो. चष्मा पुसायच्या कोरड्या कपड्याने हलकेच पुसा. डाग हटत नसेल तर त्याच कपड्याच्या कोपऱ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब लावा आणि पुसून झाल्यावर पाच मिनिटं वाळू द्या. रॅमला खोडरबर घासायची आपल्याकडे जुनी सवय आहे. इथे ती नको. खोडरबराचा भुगा पट्ट्यांच्या फटीत बसतो आणि कार्डाबरोबर खाचेत जातो, आणि तिथून तो काढायचा म्हणजे डेक उघडायचा. खाचेत टूथपिक, पिन, फुंकर काही घालू नका. फुंकरीत थुंकीचे कण असतात.

परत घालताना टक असा आवाज यायलाच हवा. हाताला अडल्यासारखं वाटलं तर कार्ड उलटं आहे, जोर लावू नका.

जागा नेमकी कुठे भरली?

"कार्डावर जागा आहे, तरी जागा नाही म्हणतो." हा दोष नाही. दोन कारणांनी असं होतं.

पहिलं, आतला ड्राइव्ह भरलेला असतो. गेम कार्डावर ठेवला तरी त्याच्यासाठी लागणारा बराच पसारा आतल्या ड्राइव्हवर साठू शकतो : शेडर कॅशे (चित्रं लवकर उमटावीत म्हणून आधीच तयार करून ठेवलेल्या फाइल्स), प्रोटॉनच्या फाइल्स. 2022 मध्ये आलेल्या 64 जीबीच्या मूळ डेकवर हा त्रास सगळ्यात जास्त. सेटिंग्ज, स्टोरेजमध्ये गेलात की आतल्या ड्राइव्हच्या पट्टीवर "अदर" नावाचा तुकडा दिसतो. तो फुगलेला असेल तर दुखणं तिथे आहे. काढून टाकलेल्या गेमचे कम्पॅटडेटा फोल्डर मागे राहतात, तेही यात मोजले जातात. पण डोळे मिटून ते पुसू नका, कारण सेव्ह त्यातच असतात. कोणता फोल्डर कोणत्या गेमचा हे त्याच्या नावातल्या क्रमांकावरून कळतं. गेमच्या स्टोअर पानाच्या पत्त्यात जो क्रमांक असतो, तोच हा.

दुसरं, अपडेट. मोठ्या गेमच्या फाइल्स प्रचंड असतात. अपडेट येतं तेव्हा स्टीम जुन्या फाइलमध्ये थोडा बदल करून थांबत नाही, शेजारी नवी फाइल उभारतं आणि मग जुनी काढतं. म्हणजे दोन जीबीच्या अपडेटलाही काही वेळ पन्नास जीबी मोकळी जागा लागू शकते. बाल्डर्स गेट 3 या गेमच्या स्टोअर पानावर 150 जीबीची गरज लिहिलेली आहे. असले दोन गेम घातल्यावर 512 जीबीच्या कार्डात किती उरतं, याचा हिशोब आधी करा. 512 चं कार्ड डेकवर 476 च्या आसपासच दिसतं, 1 टीबीचं 931 च्या. कारखाना हजाराने मोजतो आणि यंत्र 1024 ने, म्हणून. कुणी तुमची जागा चोरलेली नाही. कार्डाचा दहावा हिस्सा मी कायम रिकामा ठेवायला सांगतो आणि स्वतः पाळतो.

डाउनलोडचा वेग शून्यावर येऊन परत चढतो, त्याचं उत्तरही इथेच. स्टीम मजकूर दाबून पाठवतं. डेक तो उलगडतो आणि कार्डावर लिहितो. तुमचं इंटरनेट कार्डापेक्षा वेगवान असेल तर डेक नेट थांबवतो, लिहून घेतो आणि मग पुढचं मागवतो. डाउनलोडच्या पानावर नेटवर्क आणि डिस्क या दोन वेगळ्या रेषा असतात. नेटवर्क शून्यावर असताना डिस्क चालू दिसत असेल तर सगळं ठीक आहे, चहा घेऊन या. दोन्ही शून्यावर आणि तसंच पाच-दहा मिनिटं, तेव्हा मात्र पुढची तपासणी.

कार्ड खरं आहे का?

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण "एक गेम टाकला की दुसरा बिघडतो" या तक्रारीमागे मला जवळजवळ नेहमी हेच सापडलंय.

नकली कार्ड म्हणजे काय ते समजून घ्या. कार्डात दोन भाग असतात : मजकूर साठवणारी चिप आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर. "तुझ्यात जागा किती?" हे यंत्र कंट्रोलरला विचारतं आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवतं. नकली कार्डात आत 32 किंवा 64 जीबीचीच चिप असते, पण कंट्रोलरला "मी 1 टीबी आहे" असं सांगायला शिकवलेलं असतं. पहिले 32 जीबी नीट लिहिले जातात. त्यापुढचं कुठेच लिहिलं जात नाही, किंवा पुन्हा सुरुवातीपासून जुन्याच्या डोक्यावर लिहिलं जातं. कार्ड मात्र "लिहिलं" म्हणून सांगत राहतं. म्हणून पहिला गेम चालतो, दुसरा चालतो, तिसरा घातला की पहिला मोडतो. फाइल्स तपासून स्टीमने पहिला दुरुस्त केला की तो लिहिताना दुसऱ्यावर घाव बसतो. हे चक्र कधीच संपत नाही.

माझ्याकडे एका कॉलेजच्या मुलाचा डेक आला होता. "दादा, तीन वेळा फॉरमॅट केलं, काही होत नाही." ऑनलाइन सेलमध्ये घेतलेलं 1 टीबीचं कार्ड, किंमत हजाराच्या आत. वेष्टन पाहून कुणालाही खरं वाटावं असं. कार्ड उजेडात तिरपं धरलं तेव्हा छपाईतल्या अक्षरांच्या कडा किंचित पसरलेल्या दिसल्या, आणि नखाने घासल्यावर टोकाची शाई निघाली. पण डोळ्यांवर निकाल द्यायचा नसतो, म्हणून रात्री तपासणीला लावलं. सकाळी स्क्रीनवर ओळीच्या ओळी होत्या. पहिल्या एकोणतीस फाइल्स शाबूत, तिसाव्यापासून खाली सगळ्या भ्रष्ट. एक फाइल एक जीबीची. म्हणजे आत 32 जीबीची चिप, आणि वर 1 टीबीचं लेबल. त्या मुलाने दोन महिने डेकला दोष दिला होता.

तपासणी अशी. विंडोज असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (H2testw) हा प्रोग्राम, लिनक्स किंवा मॅक असेल तर एफ-थ्री (F3). दोन्ही फुकट आहेत, दोन्ही एकच काम करतात : कार्ड काठोकाठ ओळखीच्या मजकुराने भरायचं आणि मग तो सगळा परत वाचून जुळतो का पाहायचं. कार्ड आधी रिकामं करावं लागतं, म्हणून सेव्ह काढून घेण्याबद्दल वर लिहिलं ते आधी पार पाडा. वेळ लागतो. सेकंदाला 70 एमबी या वेगाने 1 टीबी नुसतं लिहायला चार तास, वाचायचे वेगळे. कार्ड रीडर जुना यूएसबी 2 चा असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. रात्री लावून झोपणं उत्तम. निम्म्यावर थांबवून "आत्तापर्यंत ठीक आहे" असं म्हणू नका. नकली कार्डाचा खोटेपणा पुढच्याच भागात असतो, आणि काही कार्डांत तो बराच पुढे असतो.

डेक स्वतःही फॉरमॅट करताना कार्डाची क्षमता तपासतो, आणि उघड खोटं कार्ड बऱ्याचदा तिथेच नापास होतं. "फॉरमॅट अयशस्वी" असा संदेश आला तर डेकवर रागावण्याआधी कार्डावर संशय घ्या.

तपासणीत नापास झालेलं कार्ड दुरुस्त होत नाही. परत करता येत असेल तर तपासणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट जोडून परत करा. येत नसेल तर कात्रीने दोन तुकडे करा, म्हणजे ते उद्या कुणाच्या लग्नाच्या फोटोंसाठी कॅमेऱ्यात जाणार नाही.

नवं कार्ड घेताना काय पाहायचं? डेकची खाच यूएचएस-वन आहे, एलसीडी पडद्याच्या मूळ मॉडेलमध्येही आणि नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या ओएलईडी पडद्याच्या मॉडेलमध्येही. या जातीची कागदावरची कमाल मर्यादा सेकंदाला 104 एमबी. म्हणून मागे पट्ट्यांची दुसरी रांग असलेलं महागडं यूएचएस-टू कार्ड, किंवा निन्टेन्डो स्विच 2 ला लागणारं मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्ड डेकसाठी घेऊ नका. चालेल, पण त्याच मर्यादेत चालेल. वरचे पैसे पाण्यात. यू3 आणि ए2 किंवा निदान ए1 अशी खूण असलेलं, नावाजलेल्या कंपनीचं, पावतीसह पुरे. यू म्हणजे सलग लिहिण्याचा वेग, ए म्हणजे बारीकसारीक तुकडे इकडून तिकडून वाचायची क्षमता, आणि गेम उघडताना नेमकी तीच लागते. आणि घेतल्याच्या दिवशी, परतीची मुदत चालू असताना, वरची तपासणी लावा.

फाइल सिस्टीम दुरुस्त करा, नाहीतर नव्याने फॉरमॅट

कार्ड खरं निघालं, तरी डिस्क राइट एरर येतोच आहे. आता शक्यता अशी की मधेच बंद पडल्यामुळे कार्डावरची नोंदवही, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची यादी, विस्कटली. ईएक्सटी-4 ला अशी गडबड दिसली की व्यवस्था स्वतःहून लिहिणं बंद करते, फक्त वाचू देते. जास्त नुकसान होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे. तुम्हाला मात्र दिसतं ते असं : जुने गेम चालतायत, नवीन काही उतरत नाही.

डेस्कटॉप मोडमध्ये केडीई पार्टिशन मॅनेजर हा ड्राइव्ह सांभाळायचा प्रोग्राम उघडा. तो पासवर्ड मागेल. तुम्ही कधी ठेवलाच नसेल तर आधी सेटिंग्जमध्ये वापरकर्त्याचा पासवर्ड ठेवून घ्या. डावीकडच्या यादीतून कार्ड निवडताना आकार पाहून निवडा. 512 जीबीची एसएसडी (डेकचा आतला ड्राइव्ह) आणि 512 जीबीचं कार्ड असेल तर आकडे सारखे दिसतात. शंका असेल तर कार्ड काढा, यादीतलं कोणतं नाव गेलं ते पाहा, आणि मग परत घाला. चुकीच्या नावावर काम केलंत तर डेक पुन्हा सुरू होणार नाही. बरोबर पार्टिशनवर अनमाउंट, मग चेक, मग वरून अप्लाय.

झालं तर उत्तम. नाही झालं तर फॉरमॅट : नेहमीच्या गेमिंग मोडमध्ये परत या, सेटिंग्ज, स्टोरेज, कार्ड निवडा, फॉरमॅट. विंडोजमध्ये एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टीमने फॉरमॅट करून आणलेलं कार्ड चालवायच्या फंदात पडू नका. प्रोटॉनला लिनक्सच्या ज्या जोड-फाइल्स लागतात, त्या एक्सफॅटमध्ये बनतच नाहीत. गेम उतरेल, पण उघडताना मान टाकेल.

फॉरमॅटनंतर पहिल्या दिवशी सगळी लायब्ररी ओतू नका. एक मध्यम आकाराचा गेम टाका, खेळा, स्लीपवर टाका, उठवा. दोन दिवस नीट गेले तर बाकीचं.

आणि खरं, तपासलेलं कार्डही म्हातारं होतं. प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहून घेते. आयुष्य संपत आलं की काही कार्डं कायमची "फक्त वाचा" अवस्थेत जातात. फॉरमॅट यशस्वी झालं म्हणतात, आणि परत पाहावं तर जुने गेम तसेच. अशा कार्डातून हवं ते वाचून काढा आणि त्याला निरोप द्या.

दोष कार्डाचा की खाचेचा?

अदलाबदल करा. तुमचं कार्ड दुसऱ्याच्या डेकमध्ये किंवा लिनक्सच्या लॅपटॉपमध्ये घाला, आणि दुसऱ्याचं चालतं कार्ड तुमच्या डेकमध्ये. तुमचं कार्ड तिकडेही रडत असेल तर कार्ड. दुसऱ्याची दोन चांगली कार्डं तुमच्या डेकमध्ये दिसत नसतील तर खाच.

खाच असेल तर घरचे उपाय इथे संपले. टॉर्च मारून आत पाहा. एखादी पिन वाकलेली, कार्ड आत अडकलेलं, टक करणारी स्प्रिंग ढिली पडलेली दिसली तर चिमट्याने सरळ करायला जाऊ नका. त्या पिना केसासारख्या बारीक आहेत आणि शेजारी वीजपुरवठ्याची पिन असते. दोन पिना एकमेकींना टेकल्या तर कार्डापुरता असलेला बिघाड मदरबोर्डवर जातो. हे सूक्ष्मदर्शकाखाली सोल्डरिंग करणाऱ्याचं काम आहे. मोबाइलचे चार्जिंग पोर्ट बदलणारा साधा कारागीर नको, बोर्डावर काम करणारा शोधा.

तोवर बाहेरची यूएसबी-सी एसएसडी लावून खेळता येतं. टेबलावर, डॉकमध्ये ती चांगली चालते. बसमध्ये लोंबकळत्या तारेवर नको. हिसका बसला की ड्राइव्ह सुटतो, आणि लिहिणं चालू असेल तर पुन्हा तीच विस्कटलेली नोंदवही.

एसएसडी बदलणं : सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यांनी नाही

लायब्ररी खरंच मोठी असेल, 64 जीबीच्या मॉडेलवर "अदर"ने जीव नकोसा केला असेल, तर कायमचा इलाज म्हणजे आतला ड्राइव्ह बदलणं. डेकमध्ये 2230 मापाची एम-डॉट-टू एनव्हीएमई एसएसडी बसते, म्हणजे 22 मिलिमीटर रुंद, 30 लांब. लॅपटॉपमध्ये सर्रास दिसणारी 2280 बसणार नाही. 2242 घुसवायचे प्रकार लोकांनी केले आहेत, आणि डेकच्या डिझायनरांपैकी एकाने 2022 मध्येच ते करू नका असं जाहीरपणे सांगितलं होतं : शेजारची चार्जिंगची चिप तापते, तिच्याजवळचे उष्णतेचे पॅड हलवायचे नसतात, आणि मोठे ड्राइव्ह जास्त वीज खातात. ते ऐका. एका बाजूलाच चिप असलेली घ्या. जेन-4 च्या, म्हणजे चौथ्या पिढीच्या वेगवान जोडणीच्या, मोठ्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजू नका, डेक जेन-3 च्या वेगाने चालतो.

उघडण्याआधीची एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो : मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा. कार्ड आत ठेवून मागचं कव्हर उचललं की ते खाच आणि कव्हर यांच्यात अडकतं आणि दुमडून मोडतं. एकदा माझ्यासमोर, कव्हर माझ्याच हातात असताना, तो आवाज आला. बिस्कीट मोडल्यासारखा, छोटासा. 512 जीबीचं कार्ड मधोमध दोन. त्यात एका शाळकरी मुलाच्या इम्युलेटरचे सगळे सेव्ह होते. तेव्हापासून मी डेक हातात घेतला की आधी खालची खाच बोटाने चाचपतो.

मग बॅटरी स्टोरेज मोड. आवाज वाढवायचं बटण धरून डेक चालू करा, सेटअप युटिलिटी, पॉवर, बॅटरी स्टोरेज मोड. यात बॅटरी जणू झोपी जाते आणि चार्जर लावल्याशिवाय डेक जागा होत नाही. एलसीडी मॉडेलच्या मागे आठ फिलिप्स स्क्रू आहेत, चार लांब, चार आखूड. कागदावर डेकची बाह्यरेषा काढून त्या-त्या जागी टोचून ठेवा. ते थेट प्लॅस्टिकमध्ये बसतात, म्हणून परत लावताना आधी उलटे फिरवून जुनी आटी सापडली की मगच आवळा. ओएलईडीत टॉर्क्स टी-6 (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागतो. कव्हर निघालं की धातूची पत्री, मग सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, आणि त्यानंतरच एसएसडीचा एकमेव स्क्रू. जुन्या ड्राइव्हभोवतीचं चकचकीत आवरण नव्या ड्राइव्हवर चढवायला विसरू नका, ते शोभेचं नाही.

नव्या ड्राइव्हवर स्टीमओएस, म्हणजे डेकची ऑपरेटिंग सिस्टीम, घालायला व्हॉल्व्हची रिकव्हरी फाइल निदान 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, आवाज कमी करायचं बटण धरून डेक चालू करा आणि पेन ड्राइव्ह निवडा. क्लाउडवर न गेलेले सेव्ह जुन्या ड्राइव्हवरच राहतात. तो पुसू नका, निदान महिनाभर जपून ठेवा.

इथे थांबा, माणसाला दाखवा

मागचं कव्हर मधोमध फुगलेलं वाटतंय, स्क्रीनची कड उचलली गेलीय, गोडसर रासायनिक वास येतोय : बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, डेक चालू करू नका, उघडू तर अजिबातच नका.

कार्ड खाचेत मोडून अर्धं आत राहिलंय. कार्ड घातल्यावर खाचेजवळचा भाग चटका बसेल एवढा तापतोय. बॅटरीचा कनेक्टर सहज सुटत नाही आणि तुम्ही जोर लावायच्या बेतात आहात. नवी एसएसडी दोनदा नीट बसवूनही बायॉसमध्ये, म्हणजे सेटअप युटिलिटीत, दिसत नाही. या प्रत्येक ठिकाणी मीही हात मागे घेतो.

आणि कार्डावर खरंच मोलाचं काही असेल तर पहिल्या चुकीच्या संदेशालाच थांबा. फॉरमॅट नको, चेक नको, क्षमतेची तपासणीही नको, कारण ती कार्ड भरून टाकते. कार्ड काढून डबीत ठेवा आणि डेटा काढून देणाऱ्याकडे न्या. प्रत्येक नवं लिखाण जुन्यावर पडतं.

दुरुस्तीला देताना कार्ड काढून स्वतःकडे ठेवा, स्टीममधून साइन आउट करा, आणि एका कागदावर लिहून द्या : कोणतं मॉडेल, कोणकोणती कार्डं घालून पाहिली, कशात काय झालं, आधी कुणी उघडलाय का. शेवटचा प्रश्न लपवू नका. कारागिराला स्क्रूच्या डोक्यावरून ते कळतंच, आणि आधी सांगितलंत तर तो तुटलेल्या आट्या आणि राहून गेलेली पत्री पहिल्यांदा तपासतो.